परीक्षा : दिलेली, घेतलेली आणि नाकारलेली

आपल्या मंडळाच्या अभ्यासवर्गाने यंदा जी परीक्षा योजिली आहे, तिची हकीकत स्मरणिकेत द्यावी, असे कार्यकारिणीने मला सांगितले. नुसती हकीकत दहा ओळींत संपली असती. पण परीक्षेची तयारी करताना आम्हां चौघीजणींना एक प्रश्न पडला. पूर्वीच्या काळी विद्वानांची परीक्षा कशी घेत असत, आणि तीत बायकांना कोठे जागा होती? त्या शोधात जे हाती आले, ते भगिनींपुढे ठेवावे असे वाटल्यावरून हा लेख लिहीत आहे.

आरंभीच एक कबुली दिली पाहिजे. गेल्या वर्षीही आम्ही एक परीक्षा घेतली होती आणि ती फसली होती. वर्षभर जे वाचले त्यावर शंभर गुणांची एकच लेखी प्रश्नपत्रिका मी काढली. वेळ दोन तास. पंचवीसएक भगिनी बसल्या. त्यांत आमच्या आळीतल्या एक आजी होत्या. लहानपणी दुसरीतून शाळा सुटलेली, पण अभ्यासवर्गाला एकदाही न चुकलेल्या. पोथी सरळ वाचतात. वर्गात शंका विचारल्या तर त्यांच्याच विचारण्यासारख्या असत. दोन तासांनंतर त्यांनी पेपर माझ्या हातात दिला. वर नाव होते आणि खाली कागद कोरा. मी हसून म्हटले, "आजी, निदान दोन ओळी तरी लिहायच्या होत्या." त्या काही बोलल्या नाहीत. पुढच्या आठवड्यापासून त्या वर्गाला येईनाशा झाल्या.

तो कोरा कागद माझ्या मनातून गेला नाही. पुढे जे वाचन घडले ते त्यामुळेच.

कोऱ्या कागदाची पहिली गोष्ट तर आपल्या जिल्ह्याचीच निघाली. राहाता तालुक्यात गोदावरीकाठी पुणतांबे आहे. तेथे चांगदेवांची समाधी आहे. परंपरा सांगते, की चौदाशे वर्षे तप केलेल्या या योग्याने ज्ञानेश्वरांची कीर्ती ऐकून पत्र लिहावयास घेतले. पण मोठ्याला लिहावे तसे मायना घालावा, तर समोरचा मुलगा वयाने लहान. धाकट्याला लिहावे तसे लिहावे, तर तो ज्ञानाने थोर. शेवटी त्यांनी कोराच कागद पाठविला. इतकी वर्षे तपश्चर्या करूनही हा कोराच राहिला, अशा अर्थाचे मुक्ताबाई बोलल्या, असे सांगतात. त्या कोऱ्या कागदाला ज्ञानेश्वरांनी पासष्ट ओव्यांचे उत्तर लिहिले, तीच 'चांगदेव पासष्टी' होय. आणि पुढे चांगदेवांनी गुरू केले ते मुक्ताबाईंनाच. कोऱ्या कागदाला हसणे सोपे असते. त्यामागचा संकोच ओळखून उत्तर लिहिणे हे खऱ्या परीक्षकाचे काम आहे. मला हे एक वर्ष उशिरा कळले.

मुक्ताबाईंची दुसरी गोष्ट तर आपण सर्वांनी कीर्तनात ऐकलेली आहे. गोरोबाकाकांकडे संतमंडळी जमली होती. कोपऱ्यात पडलेले थापटणे पाहून मुक्ताबाईंनी विचारले, याचा उपयोग काय? काका म्हणाले, मडके पक्के भाजले की कच्चे राहिले, ते याने कळते. मग या मडक्यांचीही परीक्षा पाहा, असे मुक्ताबाईंनी सुचविले. काकांनी एकेकाच्या मस्तकावर थापटणे मारले. सारे शांत राहिले. नामदेव मात्र रागावले आणि कच्चे ठरले. पण गोष्ट येथे संपत नाही. कच्चे ठरलेले नामदेव पुढे विसोबा खेचरांकडे गेले आणि त्यांना गुरू लाभला. एवढ्या मोठ्या ज्ञानी मंडळींची परीक्षा सुचविणारी एक लहान मुलगी होती, आणि त्या परीक्षेने कोणाला हाकलले नाही, तर पुढची वाट दाखविली. या संतकथा आहेत, कागदोपत्री इतिहास नव्हे. तरीही आपल्या लोकांनी परीक्षेचा काय अर्थ मानला, ते त्यांतून दिसते.

आता कागदोपत्री इतिहासाकडे वळू.

विद्वानांच्या परीक्षेची महाराष्ट्रातली सर्वांत प्रसिद्ध व्यवस्था म्हणजे श्रावणमासाची दक्षिणा. सेनापती खंडेराव दाभाडे यांनी तळेगावी ही प्रथा पाडली. १७३१ साली डभईच्या लढाईत त्यांचे चिरंजीव त्रिंबकराव पडले, आणि त्यानंतर हा दक्षिणासमारंभ पहिल्या बाजीरावांनी पुण्यास आणला. श्रावणात देशोदेशींचे ब्राह्मण हजारोंच्या संख्येने पुण्यात जमत. सामान्यांना पर्वतीच्या पायथ्याशी असलेल्या रमण्यात दक्षिणा वाटली जाई. विद्वानांची गोष्ट निराळी. त्यांना शास्त्रीमंडळींपुढे परीक्षा द्यावी लागे, आणि ज्याची जितकी विद्या तितकी त्याची दक्षिणा ठरे. वेद, न्याय, व्याकरण, धर्मशास्त्र, वेदांत, ज्योतिष, वैद्यक अशा नाना विषयांतले लोक येत. म्हणून परीक्षकही एका विषयाचा असून भागत नसे. परीक्षा मुखाने होई. समोरासमोर प्रश्न, तेथल्या तेथे उत्तर, आणि ऐकावयास जाणते लोक. कागदाआड लपण्यास ना विद्यार्थ्याला जागा, ना परीक्षकाला.

या दक्षिणेच्या कामावर काही काळ रामशास्त्री प्रभुणे होते. त्यांची एक आख्यायिका परीक्षा घेणाऱ्या प्रत्येकाने पाठ करावी अशी आहे. त्यांचे भाऊ दक्षिणेस आले. शास्त्रीबुवांचे बंधू म्हणून वीस रुपये द्यावेत, असे नाना फडणिसांनी सुचविले. शास्त्री म्हणाले, यांची विद्या सामान्य आहे, सामान्याला मिळतात तसे दोन रुपयेच यांना द्यावेत. भाऊ म्हणून जे द्यावयाचे ते मी माझ्या पदरचे देईन. सरकारी थैली आणि घरची थैली त्यांनी वेगळी ठेवली. आपल्या मंडळातही जावा, नणंदा, शेजारणी एकाच वर्गात बसतात. गुण देताना ही गोष्ट आठवली तर पुष्कळ रुसवेफुगवे टळतील.

पेशवाई गेल्यावर एल्फिन्स्टनसाहेबांनी दक्षिणा एकदम बंद केली नाही. त्यांतल्याच पैशांतून ६ ऑक्टोबर १८२१ रोजी पुण्यात विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा उघडली. जुन्या शास्त्रांचे अध्ययन व परीक्षा तेथे चालू राहिल्या. पुढे १८४९ साली काही सुधारक तरुणांनी अर्ज केला, की या दक्षिणेतला काही भाग मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणारांना मिळावा. त्यावरून पुण्यात मोठे वादळ उठले. अर्जदारांच्या पाठीशी जोतीराव फुले कष्टकरी माणसांचा जमाव घेऊन उभे राहिले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. १८५१ साली दक्षिणा प्राइझ कमिटी स्थापन झाली आणि मराठी ग्रंथांना बक्षिसे मिळू लागली. विद्येचे मोल करण्याचा काटा संस्कृताकडून थोडा मराठीकडे झुकला, तो असा.

पण भगिनींनो, या साऱ्या दक्षिणेच्या इतिहासात एक गोष्ट दिसत नाही. रमण्याच्या दारातून विद्येची परीक्षा देण्यासाठी स्त्री आत गेलेली दिसत नाही. ब्राह्मणेतर पुरुषही गेलेला दिसत नाही. परीक्षा कितीही कठीण असो आणि परीक्षक कितीही नि:स्पृह असो, दारावरच ज्यांना अडविले त्यांच्या बुद्धीचे वजन त्या काट्यावर कधी झालेच नाही. नापास होणे हे दु:ख खरे. पण परीक्षेला बसूच न देणे हे त्याहून मोठे दु:ख आहे, कारण त्यात नापास होण्याचाही मान मिळत नाही.

हे दार प्रथम किलकिले झाले, त्यात आपल्या नगरचा वाटा आहे.

अमेरिकन मराठी मिशनचे काम नगरास १८३१ साली सुरू झाले. मिस सिंथिया फरार ही अविवाहित अमेरिकन बाई १८२७ साली मुंबईस आली होती; ती १८३९ साली नगरला आली आणि १८६२ साली येथेच वारली. आयुष्याची वीसबावीस वर्षे तिने येथल्या मुलींना शिकविण्यात घालविली. धर्मप्रसार हा मिशनचा हेतू होता, हे लपविण्याचे कारण नाही, आणि त्यामुळे गावात संशयही होता. पण मुली बाकावर बसून वाचीत होत्या, हेही तितकेच खरे. जोतीरावांचे मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे हे नोकरीनिमित्त नगरास असत. त्यांच्याबरोबर जोतीरावांनी मिस फरारच्या शाळा पाहिल्या आणि तेथल्या मुलींचे शिक्षण पाहून त्यांना फार समाधान वाटले. ही गोष्ट त्यांनी स्वत: १८५३ साली 'ज्ञानोदया'त सांगितली आहे. हा 'ज्ञानोदय'ही १८४२ साली नगरलाच निघाला. १८४८ साली भिडेवाड्यात जी मुलींची शाळा निघाली, तिच्यामागे नगरात पाहिलेले हे दृश्य होते. सावित्रीबाईंनी अध्यापनाचे धडे नगरला मिस फरारकडेही घेतले, असे त्यांचे चरित्रकार लिहितात.

शाळा काढणे एक, आणि त्या मुलींना खरोखर येते हे चारचौघांत सिद्ध करणे दुसरे. त्या काळी लोक म्हणत, मुलींच्या डोक्यात विद्या राहतच नाही. त्यावर वाद घालीत बसण्यापेक्षा फुले दांपत्याने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सरळ जाहीर परीक्षा ठेवली. १८५३च्या फेब्रुवारीत पुण्यात झालेल्या परीक्षेस २३७ मुली बसल्या, आणि पाहावयास तीन हजारांच्या आसपास लोक लोटले. वाचन, व्याकरण, गणित, इतिहास, भूगोल, नकाशा हे विषय होते. कल्पना करा, भगिनींनो. रस्त्यातून शाळेत जाताना ज्यांच्या शिक्षिकेवर शेण फेकले जाई, त्या मुली भर सभेत उभ्या राहून उत्तरे देत आहेत, आणि कालपर्यंत कुचेष्टा करणारे गाव कान देऊन ऐकत आहे! बक्षीस घेताना एका मुलीने खेळणी किंवा खाऊ नको, आमच्या शाळेला ग्रंथालय द्या, असे मागितल्याची आठवण सांगितली जाते.

आणि योगायोग पाहा. दक्षिणेची पाठशाळा ज्या विश्रामबागवाड्यात भरे, त्याच वाड्यात १६ नोव्हेंबर १८५२ रोजी मेजर कँडी यांच्या हस्ते जोतीरावांचा सत्कार झाला. ज्या दक्षिणेच्या दारात स्त्रियांना जागा नव्हती, त्याच दक्षिणा फंडातून या मुलींच्या शाळांना सरकारची मासिक मदत मिळू लागली. याच शाळांतली मांग समाजातली मुक्ता नावाची चौदाएक वर्षांची मुलगी १८५५ साली आपल्या समाजाच्या दु:खाविषयी निबंध लिहिती झाली आणि 'ज्ञानोदया'ने तो छापला. तीनएक वर्षांच्या शिक्षणावर तिने जे प्रश्न विचारले, त्यांची उत्तरे देणे त्या काळच्या परीक्षकांना जड गेले असते.

पुढची मोठी परीक्षा झाली ती कलकत्त्यास, १८७८ साली. रमाबाई डोंगरे या वीस वर्षांच्या मुलीचे आईवडील दुष्काळात गेलेले होते. भावाबरोबर देशभर पायी फिरत, पुराणे सांगत ती तेथे पोचली. तेथल्या पंडितांनी तिला सभेत बोलावून संस्कृतातून प्रश्न केले आणि तिने संस्कृतातूनच उत्तरे दिली. तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या मिळाल्या. तिच्याजवळ कोणत्याही शाळेचा दाखला नव्हता. तिला शिकविले होते आईने, पहाटेच्या अंधारात, पाठांतर करवून. लेखी प्रश्नपत्रिका एवढीच परीक्षा असती, तर तिची विद्या किती दिसली असती? १८८२ साली त्या पुण्यास आल्या, त्यांनी आर्य महिला समाज काढला, आणि गावोगावच्या शाखांत आपल्या नगरलाही एक शाखा निघाली. आपल्यासारख्या मंडळांच्या त्या आज्या म्हटल्या पाहिजेत. त्याच वर्षी त्यांनी हंटर कमिशनपुढे साक्ष देऊन स्त्रीशिक्षिका आणि स्त्रीडॉक्टर तयार कराव्यात, अशी मागणी केली.

आपल्याकडेच दारे बंद होती असे मात्र नाही. मुंबई विद्यापीठाने पदवीपरीक्षा १८८३ साली स्त्रियांना खुल्या केल्या. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी डेक्कन कॉलेजातून पहिल्या आल्या, पण त्या क्रमांकाला विलायतेची जी सरकारी शिष्यवृत्ती मिळावयाची, ती स्त्री म्हणून त्यांना नाकारली गेली. लोकांच्या मदतीने त्या ऑक्सफर्डला गेल्या आणि १८९२ साली कायद्याच्या परीक्षेस बसल्या. पदवी हाती पडावयास ऑक्सफर्डने १९२० साली नियम बदलेपर्यंत थांबावे लागले. केंब्रिजला गणितात पहिला येणाऱ्यास सीनियर रँग्लर म्हणत. १८९९ साली तो मान आपल्या रघुनाथराव परांजपे यांनी मिळविला, म्हणून महाराष्ट्रात दिवाळी झाली. पण त्याआधी नऊ वर्षे, १८९० साली, फिलिपा फॉसेट या मुलीला सीनियर रँग्लरपेक्षाही अधिक गुण पडले होते. तिचे नाव 'सीनियर रँग्लरच्या वर' असे वाचून दाखविले. पदवी मात्र दिली नाही. केंब्रिजने स्त्रियांना पदवी दिली ती १९४८ साली! परीक्षा घ्यावयाची, पण निकाल मान्य करावयाचा नाही, हा नाकारण्याचा आणखी एक प्रकार.

अण्णासाहेब कर्व्यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ काढले, तेव्हा नेमका हाच विचार केला. पुरुषांच्या परीक्षेत बायकांना कशीबशी जागा मागण्याऐवजी, शिक्षण मातृभाषेतून द्यावे आणि विषयांत स्त्रीच्या जीवनाला उपयोगी पडणारे विषयही घ्यावेत, अशी योजना त्यांनी आखली. त्यावर टीका पुष्कळ झाली. ही परीक्षा हलकी, असेही लोक म्हणाले. परंतु परभाषेचे ओझे उतरविले म्हणजे परीक्षा हलकी होते, असे नाही. विषय कळला की नाही, हे उलट अधिक स्वच्छ दिसते.

असो. या सर्व वाचनातून आम्ही चौघींनी जे धडे घेतले, त्यांवर यंदाची परीक्षा उभी केली आहे.

पहिला धडा दक्षिणेचा : विषय अनेक असावेत आणि परीक्षकही अनेक. यंदा भाषा, इतिहास, भूगोल, हिशेब, आरोग्य आणि कायदा असे सहा विषय आहेत. प्रश्न पाठ करून सुटणारे नाहीत. दोन नमुने देते. अकोले तालुक्यात पश्चिमेला, कळसूबाईच्या बाजूस, धो धो पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यात पूर्वेला ढग कोरडेच निघून जातात, याचे कारण सांगा. आणि १९२६ साली पुरे झालेल्या भंडारदरा धरणाने खालच्या गावांतल्या बायकांच्या कामात काय फरक पडला असेल, ते विचार करून लिहा. दुसरा : गावाबाहेरच्या डोंगरावरील ज्या इमारतीला आपण चांदबिबीचा महाल म्हणतो, ती वस्तुत: सलाबतखानाची कबर आहे. मग १५९५-९६ साली मोगलांपासून किल्ला लढविणाऱ्या चांदबिबीचे नाव लोकांनी तिला का दिले असेल? पहिल्या प्रश्नात भूगोल, इतिहास आणि संसार एकत्र येतात. दुसऱ्याला एकच बरोबर उत्तर नाही.

दुसरा धडा रामशास्त्र्यांचा : आपल्या नात्यातल्या किंवा शेजारच्या भगिनीचा पेपर कोणी तपासावयाचा नाही. पेपरावर नाव नाही, फक्त क्रमांक.

तिसरा धडा १८५३च्या मुलींचा : शेवटची फेरी जाहीर, सर्वांसमक्ष. ज्यांना भीती वाटते त्यांनी बसून ऐकले तरी चालेल. पुढच्या वर्षी भीती कमी होईल.

चौथा धडा रमाबाईंचा : निम्मे गुण लेखी, निम्मे तोंडी. जिला लिहिणे जमत नाही तिने सारेच तोंडी दिले तरी चालेल, आणि त्यासाठी एकही गुण कापला जाणार नाही.

पाचवा धडा थापटण्याचा : क्रमांक लावावयाचे नाहीत. कोणते मडके कोठे कच्चे आहे एवढे एकेकीला खाजगीत सांगावयाचे, आणि पुढच्या वर्षी तिने काय वाचावे, तेही.

हे सारे ठरल्यावर मी त्या आजींच्या घरी गेले. प्रथम गेल्या वर्षीच्या माझ्या हसण्याची क्षमा मागितली. त्या म्हणाल्या, "अगं, मला सगळं येत होतं. पण पहिलं अक्षर काढेपर्यंत तू तिसरा प्रश्न वाचून दाखवलास, आणि माझा हातच थिजला." म्हणजे दोन तास मी त्यांच्या ज्ञानाची नव्हे, हाताच्या चपळाईची परीक्षा घेत होते! यंदा तोंडी परीक्षेला बसा, असे मी पुष्कळ विनविले. त्यांनी अजून होकार दिलेला नाही. मात्र जात्यावरच्या ओव्या आणि घरगुती औषधे या भागाच्या तोंडी परीक्षेस परीक्षक हव्या होत्या. तेथे बसण्यास त्या तयार झाल्या आहेत. जाताना म्हणाल्या, "पण मी कडक आहे हं."

गावाचे नाव बदलून २०२४ साली अहिल्यानगर झाले. चौंडीला जन्मलेल्या आणि जवळजवळ तीस वर्षे राज्य सांभाळलेल्या एका स्त्रीचे नाव आता जिल्ह्याला आहे. या नावाच्या गावात बायकांनी परीक्षेला भ्यावे, हे शोभत नाही. आणि परीक्षा घेणारीने एखाद्या बाईला परत घरी बसवावे, हे तर मुळीच शोभत नाही.

तरी सर्व भगिनींनी व शेजारच्या मैत्रिणींनी आपली नावे अभ्यासवर्गाकडे द्यावीत. शाळेचा दाखला लागत नाही. फी नाही. पाटी, पेन किंवा नुसते तोंड, यांपैकी जे जवळ असेल ते घेऊन यावे.